शंका घेणारा अडाणी, तर मग अळी शहाणी काय?

नवे बियाणे, नवे औषध किंवा नवे यंत्र खेड्यात आले म्हणजे दोन तऱ्हेची माणसे त्याच्या पाठोपाठ आमच्या ओट्यावर येऊन बसतात. एकाच्या हाती पाकीट असते. तो म्हणतो, "डोळे मिटून घ्या. हे शास्त्र आहे, तुम्हांला त्यातले काय कळते?" दुसऱ्याच्या हाती फलक असतो. तो म्हणतो, "डोळे मिटून टाकून द्या. हे विष आहे, तुम्हांला त्यातले काय कळते?" दोघांचे एकमेकांशी विळ्याभोपळ्याचे सख्य; पण एका गोष्टीवर त्यांचे पक्के एकमत आहे, ते हे की शेतकऱ्याला काही कळत नाही आणि त्याने डोळे मिटावेत. शेतकरी बांधवांनो, मायबहिणींनो, आमचे सांगणे एवढेच की डोळे मिटण्याचा उपदेश जो जो करील, त्याच्या हातात काहीही असो, त्याला आधी ओट्यावरून खाली उतरवा आणि मग त्याच्याशी बोला.

आम्ही नव्याचे वैरी नव्हे. जोतीरावांनी 1883 साली 'शेतकऱ्याचा असूड' पुरा केला, त्यात सरकारने ताली-बंधारे घालावेत, परमुलखातून मेंढरांचे चांगले बेणे आणावे, शेतकऱ्यांच्या मुलांना शेतीचे ज्ञान द्यावे, असेच मागणे आहे. पण नवे पाहून शंका घेणे हाही आमचा हक्क आहे. 1903 च्या सुमारास लक्ष्मणराव किर्लोस्करांनी बेळगावास लोखंडी नांगर केला, तेव्हा लोखंडाने जमीन विषारी होते असे आपल्या वाडवडिलांनी म्हटले. आज ते ऐकून पोरे हसतात. परंतु ज्याचे सारे पोट चार एकरांवर, त्याने एक हंगाम जुगारात का घालावा? शंका मोडली ती शिव्या देऊन नव्हे. तास कसे पडते ते लोकांनी डोळ्यांनी पाहिले आणि नांगर गावोगाव गेला. त्यात लाकडी नांगर भरणाऱ्या सुताराचे काम किती गेले, हे मात्र कोणी विचारले नाही. ती गोष्ट ध्यानात ठेवा; पुढे तिच्याकडे परत यायचे आहे.

आता कपाशीकडे वळू. मातीत राहणाऱ्या एका जिवाणूच्या अंगी अळी मारण्याचा गुण असतो. तो गुण जनुकाच्या रूपाने कपाशीत घातला की बोंड खाणारी अळी त्या झाडाचे पान चावताच मरते. हीच बीटी कपाशी. अमेरिकेची मोन्सॅन्टो आणि आपल्या जालन्याची महिको यांनी ती आणली आणि मार्च 2002 मध्ये केंद्र सरकारच्या समितीने तिला परवानगी दिली. खरे ते बोललेच पाहिजे: पहिली काही वर्षे हे बी उपयोगी पडले. हिरव्या बोंडअळीने शेतकऱ्याला पार नागवले होते. ती हटली आणि फवारण्या कमी झाल्या. देशाचे हेक्टरी रुईचे उत्पन्न 2002 च्या आगेमागे सुमारे 300 किलो होते, ते 2007-08 मध्ये साडेपाचशेच्या घरात गेले. त्यात पाणी, खत आणि चांगला पाऊस यांचाही वाटा होता. पण बियाण्याचा वाटा नाकारणे अप्रामाणिकपणाचे होईल. शेतकऱ्याने हे बी घेतले ते कोणी भुलवले म्हणून नव्हे, त्याला त्यात चार पैसे दिसले म्हणून. दहाबारा वर्षांत देशातल्या कपाशीपैकी शेकडा नव्वदांहून अधिक रान बीटीखाली गेले.

तेव्हा काही लोकांनी एक शंका काढली. ती अशी की सगळ्या रानात एकच विष रात्रंदिवस राहिले, तर अळी ते पचवायला शिकणार नाही काय? ही शंका कोणा अडाण्याची नव्हती, शास्त्राचीच होती. तिला उत्तरही शास्त्रानेच काढून ठेवले होते. बीटीच्या 450 ग्रॅमच्या पाकिटाबरोबर साध्या कपाशीचे 120 ग्रॅमचे लहान पाकीट येई. ते बी शेताच्या कडेने पाच ओळी, नाहीतर रानाच्या पाचव्या हिश्श्यात लावायचे. का? तर विष पचवलेला एखादा पतंग निपजला, तर त्याला साध्या कपाशीवर वाढलेली साधी जोडीदारीण मिळावी आणि त्यांच्या पोटची अळी पुन्हा विषाने मरणारी निघावी. युक्ती सोपी आहे. कोंबड्या पाळणाऱ्या बाईलासुद्धा ती एका वाक्यात समजेल.

पण ते वाक्य तिला सांगितले कोणी? दुकानदाराने पाकीट गल्ल्यावर आपटले आणि पैसे मोजून घेतले. आतला कागद घडी घालून कोंबलेला, अक्षरे मुंगीच्या पायाएवढी. आमच्यापैकी बहुतेकांनी ते लहान पाकीट बांधावर भिरकावले. दोष आमचाही आहे, तो आम्ही झाकीत नाही. पण या व्यवहाराकडे नीट पाहा. सगळ्या शिवाराच्या भल्यासाठी एका शेतकऱ्याने आपल्या पाच ओळी अळीला चारायच्या, त्याची भरपाई कोणी द्यायची नाही, आणि त्या पाकिटातले बी हलके किंवा भलत्याच वाणाचे निघते अशी ओरड वेगळीच. पुढे हे साधे बी त्याच पाकिटात मिसळून द्यायचे ठरले. बैल गेला आणि झोपा केला!

दुसरी चूक याहून मोठी होती. हा गुण सरळ वाणात न घालता जवळजवळ सगळा संकरित वाणांतच विकला गेला. संकरित बियाण्याची सरकी घरी ठेवून पेरता येत नाही. दरसाल दुकानाची पायरी चढावीच लागते. विकणाऱ्याच्या गल्ल्याला हे सोयीचे, आणि अळीलाही सोयीचे! कारण संकरित झाडाच्या बोंडातली सरकी एकसारखी नसते. काहींत विष असते, काहींत नसते, आणि त्या मिसळीत अळीला पचवण्याचा सराव होतो. त्यातून आमची फरदड. दिवाळीनंतर कपाशी न उपटता पाणी देऊन फेब्रुवारी-मार्चपर्यंत उभी ठेवायची, म्हणजे गुलाबी बोंडअळीला बाराही महिने पंगत. नागपूरच्या केंद्रीय कापूस संशोधन संस्थेने धारवाडच्या कृषी विद्यापीठाबरोबर 'बिकानेरी नर्मा' या सरळ वाणात बीटीचा गुण घातला होता. बी घरचे राहणार, म्हणून आम्हांला आनंद झाला. पण 2009 साली ते शेतात आले आणि त्याच वर्षी बंद पडले. त्यात कंपनीचेच जनुक मिसळलेले सापडले. सरकारी घरात हा गाढवपणा व्हावा, याची लाज आम्हांला वाटते. ज्यांच्या हातून तो झाला त्यांना वाटली की नाही, ते त्यांनाच ठाऊक.

पुढचे सर्वांना माहीत आहे. 2010 साली कंपनीनेच कबूल केले की गुजरातेत चार जिल्ह्यांत गुलाबी अळी पहिल्या जनुकाला दाद देत नाही. कारण काय सांगितले? शेतकऱ्यांनी साधे बी लावले नाही आणि चोरटे बियाणे वापरले! आणि उपाय? दोन जनुकांचे नवे बियाणे घ्या! पाच-सहा वर्षांत अळीने तेही पचवले. म्हणजे शेतकऱ्याने शंका विचारली तेव्हा तो अडाणी ठरला. अळीने तीच शंका बोंडात शिरून सिद्ध केली तेव्हा ती निसर्गाची करणी ठरली. शंका घेणारा अडाणी, तर मग ही अळी काय पदवी घेऊन आली होती?

आणि 2017 साल आठवा. त्या साली गुलाबी अळीने महाराष्ट्राची कपाशी पोखरली. त्याच हंगामात यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करता करता विषबाधा होऊन वीसांहून अधिक शेतकरी आणि शेतमजूर मेले. शेकडो दवाखान्यात पडले. कपाशी डोक्याएवढी वाढलेली, अंगात घाम, पाठीवर पंप, तोंडाला फडका. बोंडात दडलेल्या अळीला फवारा पोचत नाही. पोचतो तो फवारणाऱ्याच्या नाकातोंडात. तेव्हा हातमोजे का घातले नाहीत, असे विचारणारे पुष्कळ निघाले. सप्टेंबरच्या उकाड्यात रबरी मोजे आणि मुखवटा चढवून त्या विचारणाऱ्यांनी एक तास पंप मारून दाखवावा, मग बोलावे. फवारणी कमी होईल म्हणून जे बी आणले, त्याच बियाण्याच्या रानात फवारणीने माणसे मरावीत, याहून मोठा पराभव कोणता?

हा पराभव बियाण्याचा होता की बंदोबस्ताचा? याचे उत्तर परदेशात मिळते. अमेरिकेत त्याच गुलाबी अळीचा समूळ नायनाट झाल्याचे तिथल्या सरकारने 2018 साली जाहीर केले. तिथेही बीटी कपाशीच होती. पण जोडीला कामगंध सापळे होते, हंगाम संपताच शेते नांगरून टाकण्याचा नियम होता, आणि नपुंसक केलेले पतंग विमानातून सोडले जात होते. सरकार, शास्त्रज्ञ आणि शेतकरी एका पंगतीला बसले होते. अळी तीच, गुणही तोच; फरक इतकाच की तिथे शंका खुंटीला टांगून ठेवली नाही, तिच्यासाठी खर्च केला. शंका ही शास्त्राची सवत नव्हे, ती त्याची राखणदार आहे. राखणदाराला हाकलून दिले की शेत कोण खाते, हे आम्ही सांगायला नको.

आता फलकवाल्यांचे पाहू. बीटी वांग्याला 2009 च्या ऑक्टोबरात समितीने मंजुरी दिली. त्या वेळचे पर्यावरणमंत्री जयराम रमेश यांनी 2010 च्या आरंभी देशात सात ठिकाणी सभा घेऊन लोकांचे म्हणणे ऐकले. त्यांत आपले नागपूरही होते. 9 फेब्रुवारीला त्यांनी वांग्याला स्थगिती दिली. स्वतंत्र तपासणीची सोय नाही आणि लोकांचा विश्वास बसलेला नाही, ही त्यांची कारणे आम्हांला पटतात. वांगे हे याच भूमीचे लेकरू आहे. जळगावच्या भरताच्या वांग्यापासून कृष्णाकाठच्या वांग्यापर्यंत त्याची शेकडो रूपे आपल्या परड्यांत आहेत, तेव्हा जपून चालणे बरोबरच. त्या वांग्याच्या तपासणीचे हजारावर पानांचे बाड माहितीच्या अधिकारासाठी झगडून, सर्वोच्च न्यायालयापर्यंत जाऊन 2008 साली उघडे करावे लागले, आणि उघडले तेव्हा ते इंग्रजीत! मूळ लपवाछपवी तिथली.

पण स्थगिती म्हणजे काय? थांबा, तपासा, मग ठरवा. आपल्याकडे पहिला शब्द तेवढा पाळला गेला. पंधरा वर्षे उलटली तरी वांग्याचा फैसला नाही. शेजारच्या बांगलादेशाने 2013 साली तेच वांगे मंजूर करून सरकारी संशोधन संस्थेमार्फत, घरी बी धरता येईल अशा वाणांत शेतकऱ्यांना दिले, आणि फवारण्या कमी झाल्याचे तिथल्या पाहण्यांत आढळले. आमचा शेतकरी मात्र शेंडा पोखरणाऱ्या अळीसाठी वांग्यावर फवाऱ्यांमागून फवारे मारतो आणि तीच वांगी शहरात निर्धास्त खाल्ली जातात. जनुकाची भीती बाळगणाऱ्यांनी या फवाऱ्याची भीती किती बाळगली? ज्याला सावलीत बसून निकाल द्यायचा आहे, त्याला विलंबाचा काही खर्च पडत नाही. तो खर्च आम्ही भरतो.

विलंबातून काय निपजते, तेही पाहा. तणनाशक सोसणारी कपाशी सरकारने मंजूर केली नाही; म्हणून ती आली नाही काय? आली, 'चोर बीटी' या नावाने आली. 10 जून 2019 रोजी अकोला जिल्ह्यात अकोली जहांगीर येथे शेतकरी संघटनेने ती उघडपणे पेरली. तेव्हाच्या कायद्यात त्याला पाच वर्षे कैद आणि लाख रुपये दंड होता. पुढाऱ्यांवर गुन्हेही नोंदले गेले. त्यांच्या धैर्याबद्दल आम्हांला आदर आहे, आणि निंदणाला माणूस मिळत नाही ही त्यांची अडचण खोटी नाही. पण चोरीच्या मालाची पावती नसते, आणि पावती नाही म्हणजे दाद नाही. उगवले नाही तर कोणाकडे जाल? शेजाऱ्याची तूर फवाऱ्याने जळली तर भांडण कोणाच्या दारात न्याल? बंदी कागदावर, धंदा अंधारात, आणि नुकसान शेतकऱ्याच्या पदरी.

इथे सुताराच्या नांगराची गोष्ट पुन्हा उभी राहते. तण औषधाने मरू लागले, तर निंदणाच्या मजुरीवर ज्यांचा पावसाळा निघतो त्या बायांनी काय करावे? खुरपी-विळे घडवणाऱ्या लोहाराचा भाता कशावर फुलावा? बांधावरचा तांदुळजा, घोळ, चिवळ हे कोणाला तण असेल. भूमिहीन घरात ती भाजी असते आणि शेळीचा चारा असतो. त्या औषधाला जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग-संशोधन संस्थेने 2015 साली 'बहुधा कर्ककारक' म्हटले. अमेरिकेच्या पर्यावरण खात्याने ते मानले नाही. पंडितांचे असे दुमत असता, ते औषध पाठीवर वाहणाऱ्याला कोणी विचारायचे की नाही? शेतमालकाने आपला फायदा मोजावा, पण त्याच वहीत बाईची बुडालेली मजुरीही लिहावी. नाहीतर आज आम्ही कंपनीला जे म्हणतो, तेच उद्या ती आम्हांला म्हणेल, आणि ते खरे असेल.

आता नवा पाहुणा दारात आहे. बाहेरचे जनुक न घालता, पिकाच्या स्वतःच्याच जनुकात कात्री चालवून केलेले बियाणे. मार्च 2022 मध्ये केंद्र सरकारने अशा काही पिकांना जुन्या नियमांतून मोकळीक दिली, आणि मे 2025 मध्ये 'कमला' व 'पुसा डीएसटी राईस 1' ही भाताची दोन वाणे जाहीर झाली. ती सरकारी संस्थांनी केली, ही गोष्ट चांगली. पाणी कमी लागत असेल, चोपण जमिनीत पीक तगत असेल, तर भंडारा-गोंदियाच्या धानकऱ्याला ती हवीच आहेत. 'विष, विष' म्हणून ओरडायचे आम्हांला कारण दिसत नाही. पण ती कात्री कोणाच्या मालकीची, पुढे तिचे भाडे बियाण्याच्या किमतीत चढणार काय, आमच्या मातीत तिचे दोन हंगाम कोणी पाहिले, हे विचारायचे की नाही? मोहरीच्या खटल्यात 23 जुलै 2024 रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींचे एकमत झाले नाही. पण सरकारने शेतकऱ्यांच्या प्रतिनिधींसह सर्वांशी सल्लामसलत करून राष्ट्रीय धोरण ठरवावे, यावर दोघेही एक झाले. तेव्हा विचारणे हा आता उद्धटपणा राहिलेला नाही.

म्हणून आमचे मागणे पाच कलमांत सांगतो.

एक, ज्या बियाण्याची परवानगी मागितली जाईल त्याच्या तपासणीचा सार मराठीत छापून ग्रामसभेत वाचला जावा, आणि त्यात पिकल्याइतकेच बुडाल्याचेही आकडे असावेत.

दोन, चाचणी विकणाऱ्याच्या पैशाने नको. अकोला, परभणी, राहुरी, दापोली ही चार कृषी विद्यापीठे आमच्या करातून चालतात. त्यांनी कोरडवाहू रानात, शेतकऱ्यांच्या देखत ती घ्यावी.

तीन, बी फसले तर शेतकऱ्याने कोर्टाचे उंबरे झिजवू नयेत. विकणाऱ्याने आधीच अनामत ठेवावी आणि भरपाई त्यातून मिळावी.

चार, 2001 च्या कायद्याने शेतकऱ्याला बी राखण्याचा, पेरण्याचा आणि देण्याघेण्याचा हक्क दिला आहे. तो कागदावर कुजू नये म्हणून नवे गुण सरळ वाणांत मिळालेच पाहिजेत.

पाच, मजूर बाया आणि गावचे कारागीर यांचा नफा-तोटा मोजल्याशिवाय हिशेब पुरा धरू नये.

आणि आमचे कर्तव्य? फरदड सोडा. पावतीशिवाय बी घेऊ नका. दुकानदाराने पाकीट पुढे केले की आतला कागद तिथेच उघडा आणि शिकलेल्या मुलीकडून मोठ्याने वाचून घ्या. तिला न कळले तर दुकानदाराला विचारा. त्यालाही न कळले, तर ज्याला स्वतःला कळत नाही तो आपल्याला काय विकतो आहे, याचा विचार करा. दहा घरांनी असे विचारले तर दुकानात राग येईल. शंभर घरांनी विचारले तर उत्तर येईल.

अळीने विचारलेल्या प्रश्नाला उत्तर द्यायला साऱ्या देशाचे शास्त्र आज धावत आहे. शेतकऱ्याने विचारलेल्या प्रश्नासाठी कोणी उठत नसेल, तर त्याचे कारण एकच: अळी एकजुटीने शेतात शिरते, आणि आपण एकेकटे दुकानात शिरतो.